अंगठा खाली होता

मधू,

ही गोष्ट सांगायची मी चाळीसहून जास्त वर्षं टाळली. दर वेळी कारण निराळं असायचं आणि दर वेळी ते मला पटायचं. आधी तुझं लग्न व्हायचं होतं, मग तुझी नोकरी कायम व्हायची होती, मग तुझे वडील अंथरुणाला खिळले होते. पुढे पुढे तर कारण शोधायचीही गरज उरली नाही. म्हाताऱ्यांनी जुनं उकरू नये असं सगळेच म्हणतात, मीही म्हणू लागलो. परवा तुझी तेरवी झाली. आता माझ्याजवळ एकही कारण नाही, आणि ऐकायला तू नाहीस.

तुझे विद्यार्थी तुझ्यावर स्मरणिका काढतायत. त्यांच्यातल्या एकाचा फोन आला. म्हणाला, "काका, तुमी सरांचे सगळ्यात जुने दोस्त. बर्फावरची घसरगुंडी आन पाण्यावरची घसरगुंडी, यावर तुमचं भांडण चालायचं म्हणे. तेच लिहा थोडं गमतीनं." मी हो म्हणालो. हे त्यांच्यासाठीच लिहितोय, पण बोलतोय तुझ्याशी. त्यांच्याकडे बघून लिहायला बसलो तर पुन्हा गमतीचंच लिहीन, हे मला माहीत आहे. तेवढी सवय मला झालेली आहे.

तर भांडण. तू वरूडचा, संत्र्याच्या बागा असलेल्या घरचा. मी अकोल्याचा, आमची भाजीची आणि शेवंतीची वाडी. अमरावतीच्या कॉलेजात व्यायामशिक्षक व्हायला आलो आणि एका खोलीत पडलो. पहिल्याच दिवशी तू मला 'अकोल्या' अशी हाक मारलीस. पुढे माझं खरं नाव तुझ्या तोंडून मी कधी ऐकलंच नाही. दुसऱ्या वर्षी तू हिमाचलात बर्फावर स्कीइंग शिकायला गेलास आणि महिन्याभरानं परत आलास तो नाकाची साल गेलेला, डोळ्यांभोवती चष्म्याची पांढरी वर्तुळं घेऊन. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी समुद्रकाठच्या एका शिबिरात पाण्यावरचं स्कीइंग शिकलो होतो. सगळ्या वऱ्हाडात मीच एक, अशी माझी समजूत होती. तू आलास आणि आपण दोघं झालो. भांडण तिथूनच सुरू झालं.

"बर्फावर तुले कोनी ओढत नाई बे," तू म्हणायचास. "ना दोर, ना इंजिन. उतार आन आपलं वजन, बस. अन् आवाज कायचाच नाई. आपलाच श्वास ऐकू येते."

"आन पडला तं?"

"पडला तं आपला आपण पडला. कोनाच्या नावानं बोंबलाचं काम नाई."

मी तुला पाण्यातून उठायची गोष्ट सांगायचो. गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं, गुडघे छातीशी, हात सरळ, हातात दोराचा दांडा. बोट निघाली की काहीही करायचं नाही. उभं राहायची घाई केली की तोंडावर आपटलाच. अंगाचा भार दोरावर सोडून द्यायचा, मग पाणीच घट्ट होतं आणि तुला उचलून वर ठेवतं. मी म्हणायचो, दुसऱ्यावर भार टाकता येणं ही काही लहान विद्या नाही. तू हसायचास. "म्हंजे पाळण्यातलं लेकरू म्हण ना!"

एक गोष्ट मात्र आपण दोघांनी मिळून शोधली होती. बर्फावर भीती वाटली की माणूस मागे रेलतो, डोंगराकडे, आणि नेमका त्यामुळेच पडतो. तिथं दरीकडे झुकावं लागतं. पाण्यावर भीती वाटली की माणूस पुढे वाकतो, दोर छातीशी ओढतो, आणि पडतो. तिथं मागे रेलावं लागतं. म्हणजे एकाची विद्या दुसऱ्याला घातक. हे आपल्याला इतकं आवडलं होतं की मेसमध्ये जेवताना खुर्चीवर पुढे-मागे करून आपण ते पोरांना दाखवायचो.

त्या वर्षी कापसाच्या हंगामात तू आमच्या घरी अकोल्याला आलास. जिनिंगच्या आवारात सरकीचा दोन माणसं उंच ढीग पाहिलास आणि तुझे डोळे चमकले. कुठून तरी दोन फळ्या आणल्यास, सुतळीनं पायांना बांधल्यास आणि ढिगावर चढलास. चार हात घसरलास असशील. मग फळ्यांची टोकं रुतली आणि तू कमरेपर्यंत सरकीत गेलास.

चौकीदार काठी घेऊन धावला. "अबे कोन होय तो? सरकी होय ते, तुह्या मामाचा डोंगर नाई!"

"दादा, एकच डाव! तुमी बी या ना, मांगं बसवतो!"

घरी आलास तेव्हा डोक्याला, भुवयांना कापसाचे तंतू चिकटलेले. माझी आई म्हणाली, "बाप्पा! हा पोरगा तं आत्तापासूनच म्हातारा झाला." हे आठवलं की मला अजून हसू येतं. हसू आलं की लगेच लाज वाटते.

आता धरणाकडे येतो.

कॉलेज सुटल्यावर मी अकोल्याला नोकरीला लागलो आणि जवळच्या एका धरणावर चार पोरं जमवून जलक्रीडा मंडळ काढलं. एक जुनी मोटरबोट दुरुस्त केली. सुतारानं सागाच्या फळ्या तासून दिल्या. बोट चालवायला नामदेव होता, धरणात मासे धरणारा. मी मंडळाचा सचिव आणि बोटीतला जागल्या. आपल्याकडे शेतात पिकाची राखण करणाऱ्याला जागल्या म्हणतात, तेच नाव आम्ही त्या कामाला दिलं होतं. बोट चालवणारा समोर बघतो. दोराच्या टोकाला मागे माणूस आहे, त्याचं काय चाललंय ते त्याला दिसत नाही. म्हणून एक जण बोटीत मागे तोंड करून बसतो. मागच्यानं अंगठा वर केला म्हणजे वेग वाढवा, खाली केला म्हणजे कमी करा. इंजिनच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून मी नामदेवच्या खांद्यावर थाप मारायचो. एक थाप, कमी. दोन थापा, वाढव.

पावसाळा संपून धरण भरलं होतं तेव्हा तू आलास. खिशात पत्र होतं. हिवाळ्यात प्रशिक्षकाच्या शिक्षणासाठी तुझी निवड झाली होती. ते झालं की तू तिकडेच राहणार होतास, डोंगरात, पगारी प्रशिक्षक म्हणून. अर्ज मीही केला होता, बर्फ कधी न पाहता, तुला न सांगता. माझी निवड झाली नव्हती. आज पहिल्यांदा कुणाला सांगतोय.

काठावर पोरं जमली होती. तू खुशीत होतास. मला म्हणालास, "अकोल्या, एक सांगू? पाण्यावर माणूस म्हंजे बैलामांगं बांधलेलं वखर. वढलं तिकडे जाते. तुही विद्या बोटवाल्याची होय, तुही नाई." पोरं खदखदून हसली. ती माझी पोरं होती रे, मी शिकवलेली. नामदेवही हसला. तुझ्या मनात काही नव्हतं. तू कुणालाही असंच बोलायचास, स्वतःलाही.

"मंग वखर होऊन दाखव," मी म्हणालो.

तू फळ्या चढवल्यास आणि वर चामड्याचे पट्टे आवळलेस. बर्फावर स्की पायातून सुटली तर घसरत दरीत जाते, म्हणून तेव्हा ती पायाला बांधून ठेवायची पद्धत होती. पाण्यावर उलटं असतं. फळी तरंगते, ती सुटलीच पाहिजे, नाहीतर पडताना ती पाय घेऊन फिरते. मी म्हणालो, "पट्टे सोड." तू म्हणालास, "राहू दे, सवय हाय." मंडळाचा सचिव मी होतो. तुला पाण्यातून बाहेर काढायला हवं होतं. मी बोटीत चढलो.

तिसऱ्या खेपेला तू उभा राहिलास. वाकडातिकडा, पुढे झुकलेला, बर्फावर झुकावं तसा. तरी उभा होतास. आम्ही एक लांब वळण घेतलं. मग तू एक हात दांड्यावरून सोडलास आणि अंगठा खाली केलास.

खाली, मधू. स्पष्ट खाली. सूर्य माझ्या पाठीशी होता, माझ्या डोळ्यांवर तिरीप नव्हती. तुझ्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तू घाबरला होतास आणि ते तू मला दाखवत होतास, कारण मागे बघणारा मी होतो.

माझ्या मनात आलं, आता पाहू वखर. मी नामदेवच्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पाणी खवळलेलं होतं, त्यालाही तो वेग पुरेसा वाटत होता. मी पुन्हा दोन थापा मारल्या.

तुझा एकच हात दांड्यावर होता. हिसका बसला तसा तू आडवा फिरलास. उजवी फळी पाण्यात शिरली, पट्ट्यानं धरलेला पाय तिच्याबरोबर गेला, आणि दुसरी फळी तुझ्या डोक्याला लागली. आम्ही वळून तुझ्यापर्यंत आलो तेव्हा तू पालथा होतास.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तू नीट शुद्धीवर आलास. पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये. गुडघा पुन्हा पूर्ण वाकणार नाही, हे डॉक्टरांनी तुझ्या वडिलांना आधीच सांगितलं होतं. वडील खोलीच्या दाराशी उभे होते. तुला पाण्यात उतरल्याचं आठवत होतं, पुढचं काही नाही.

"अकोल्या, झालं काय नेमकं?"

मी म्हणालो, "तू अंगठा वर केला. पट्टे बांधलेले होते. वेग वाढवला तसा पडला."

"मी? वर केला?"

"हो."

तू छताकडे पाहिलंस. मग म्हणालास, "केला असीन. माह्या अंगात मस्तीच तेवढी." दारातून तुझे वडील म्हणाले, "मस्ती नडली," आणि बाहेर निघून गेले.

त्या संध्याकाळी मंडळाच्या नोंदवहीत मी लिहिलं की स्कीअरने पायांना पट्टे बांधले होते व स्वतःहून वेग वाढवण्याची खूण केली. खाली सही केली. त्यातलं अर्धं खरं होतं, आणि त्या खऱ्या अर्ध्याच्या आड मी आयुष्य काढलं. स्वतःला सांगायचो, पट्टे तर त्यानंच बांधले होते ना? नामदेवनं मला एकदाच विचारलं. बोट काठाला ओढता ओढता म्हणाला, "भाऊ, तुमी मले दोनदा थापा देल्ल्या. त्यानं खरंच वर केला होता?" मी हो म्हणालो. पुढच्या हंगामात त्यानं बोटीचं काम सोडलं. मंडळही मग फार दिवस चाललं नाही.

तू अमरावतीतच, राजापेठेतल्या शाळेत व्यायामशिक्षक झालास. वाकत नसलेला पाय बाजूला फेकत चालणारा व्यायामशिक्षक. पोरांनी तुला नाव ठेवलं, तू ते हसत घेतलंस. मला वाटायचं, ठीक आहे, माणूस सावरला, संसार झाला, पोरं जीव लावतात. मग एका वर्षी तू मला शाळेच्या क्रीडा दिनाला पाहुणा म्हणून बोलावलंस. मी मंचावर बसलो होतो. तू माईकसमोर उभा राहिलास, पँट गुडघ्यापर्यंत वर केलीस आणि पाचशे पोरांना तो पाय दाखवलास.

"हा पाय पाहा," म्हणालास. "हा कोनी मोडला नाई. म्या मोडला. मले कोनी म्हणलं नव्हतं, म्या आपल्या हातानं वेग मागतला. हे पाहा, या अंगठ्यानं. बोटीतून मांगं पाहणाऱ्या माणसाचा काही दोष नाई, तो इथं बसेल आहे. त्याले ईचारा."

पाचशे पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली.

दर वर्षी नव्या वर्गाला तू हेच सांगायचास, असं मला नंतर कळलं. माझं खोटं तू धडा म्हणून शिकवलंस, तेही मन लावून. त्यामुळे कितीतरी पोरं सांभाळून गाडी चालवायला शिकली असतील. त्याचं पुण्य कुणाचं, मला माहीत नाही. माझं नक्की नाही.

आणखी एक लपवलं. पंचेचाळिशीत मी हरिद्वारला जातो म्हणून सांगून गेलो होतो, आठवतं? हरिद्वारला गेलो नव्हतो. तू जिथं शिकलास तिथं गेलो होतो. भाड्याच्या स्की घातल्या आणि आठ दिवस पोरासोरांबरोबर पडलो. सहाव्या दिवशी पडणं थांबलं. तू म्हणायचास तेच होतं. आवाज कशाचाच नाही. उतार आणि आपलं वजन. पुढे दोर नाही, कुणाची पाठ नाही. थांबावंसं वाटलं की दोन्ही पायांचे पंजे आत वळवायचे, टाचा बाहेर, नांगरासारखे. शिकवणारा त्याला नांगरच म्हणायचा. आपल्यासारख्या माणसाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. मी उताराच्या मध्यावर नांगर लावला आणि थांबलो. माझा मी थांबलो. कुणाला अंगठा दाखवावा लागला नाही, कुणी मागे बघतंय की नाही याची काळजी नाही.

तेव्हा मला कळलं की तुझं बर्फावर इतकं प्रेम का होतं, आणि मी तुझ्यापासून काय घेतलं. पाण्यावर थांबणं दुसऱ्याच्या हातात असतं. मी त्यालाच विद्या म्हणत होतो, भार टाकता येणं. तू त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी भार टाकलास. वाद तूच जिंकला होतास, मधू. ते सांगायला मी घरी आलो आणि तुला हरिद्वारचं गंगाजल दिलं, बाजारातून विकत घेतलेलं.

आणि तू काय केलंस माझ्यासाठी? माझी शालिनी गेली तेव्हा मी महिनाभर घराबाहेर पडलो नाही. तू बडनेऱ्याहून गाडी पकडून दर आठवड्याला दोनदा यायचास. अकोल्याच्या स्टेशनचा तो जिना एक एक पायरी करून चढायचास, आधी चांगला पाय, मग ओढून दुसरा. यायचास, स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापायचास, जाड, एका बाजूनं करपलेली. मी जेवत नसलो की म्हणायचास, "खाय बे. तुही बायको गेली, माही भाकर काय पाप करून राहिली?" तुझ्यामुळे मी जगलो. हे मी वाढवून नाही सांगत. खरंच, तुझ्यामुळे.

गेल्या महिन्यात दवाखान्यात तुला भेटायला आलो तो सांगायचं ठरवूनच आलो होतो. तुझी नात मोबाइलवर बर्फावर घसरणाऱ्या कुणा मुलीचा व्हिडिओ दाखवत होती. तू बघता बघता म्हणालास, "मांगं रेलून राहिली. भेली ते. पडते आता." ती पडली. नात टाळ्या वाजवून हसली आणि चहा आणायला गेली. खोलीत आपण दोघंच.

मी म्हणालो, "मधू, त्या धरणाचं मले तुले काही सांगाचं हाय."

तू माझा हात धरलास. म्हणालास, "सोड ना गड्या. एक सांगू? बरं झालं माहा पाय म्याच मोडला. दुसऱ्या कोनी मोडला असता तं जल्मभर राग धरा लागला असता. माह्यानं राग धरवत नाई."

नात चहा घेऊन आली, तो पिऊन मी निघालो. घरी येताना गाडीत मी स्वतःला सांगितलं की त्याची शांती मी कशाला मोडू. छान कारण होतं. आजवरचं सगळ्यात चांगलं. पण खरं इतकंच की दार उघडं असताना मी पुन्हा मागे रेललो. नऊ दिवसांनी तू गेलास.

कुणी म्हणेल, मधूला आतून माहीत असेल, म्हणूनच तो तसं बोलला. मला हा दिलासा नको. तुला माहीत नव्हतं. माहीत असून तू पाचशे पोरांपुढे उभा राहिला नसतास. तुला नाटक येत नव्हतं.

तेरवी झाल्यावर, माणसं पांगल्यावर, मी कुसुमवहिनींना सगळं सांगितलं. त्या ताटं पुसत होत्या. ऐकताना त्यांनी हात थांबवले नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, मले पाह्याले आले तवाच त्याईनं सांगतलं होतं, माह्या मस्तीनं पाय गेला, ईचार करून हो म्हण. मी आयुष्यभर त्याईले त्याच्यावरून बोलली. रागाच्या भरात कितीक डाव बोलली. आता ते मी कोठी नेऊन टाकू?"

मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "माह्यासमोर काहून हात जोडता? ज्याले सांगाचं होतं थो गेला." मग ताटं उचलून आत गेल्या. आतून म्हणाल्या, "लिहून काढा. पोराईले समजू द्या. त्याईची पोरं होत ते."

म्हणून पोरांनो, तुमच्या सरांनी वेग मागितला नव्हता. ते घाबरले होते, आणि घाबरल्यावर माणसानं जे करायला हवं तेच त्यांनी केलं होतं. मंडळाच्या नोंदवहीतलं वेग मागितल्याचं ते अर्धं वाक्य खोटं आहे, त्याखालची सही माझी आहे.

आणि मधू, तुझ्याशी मी कधी पुस्तकी बोललो नाही, तर हेही तसं नको. तुवा हात केला होता, म्या पाहिला होता. कमी कर म्हणला तू, अन् म्या वाढव म्हणलं, एकदा नाई, दोनदा. मंग तुह्याच माथी मारलं. चूक तुही नव्हती गड्या, माही होती. मले माफ कर.